चोळीबांगडीला दिलेलं बेंगळुरू आणि भोसल्यांच्या गादीचे वाद

मारतहळ्ळीच्या पुलाखाली सिग्नलला अडकलात की आजूबाजूला कानडी, तेलुगू, हिंदी, तमिळ सगळं ऐकू येतं. मराठीही येतं, थोडं हळू आवाजात. या भागाचं नाव 'मारुत' नावाच्या लढाऊ विमानावरून पडलं असं काहीजण सांगतात, तर काहीजण थेट 'मराठा' शब्दाशी त्याचं नातं जोडतात. नावाचं काहीही असो, पण तुम्ही बेंगळुरूत राहणारे मराठी असाल तर एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. हे शहर जवळजवळ पन्नास वर्षं भोसल्यांच्या घरात होतं. आणि एकदा तर ते एका सुनेला चोळीबांगडीसाठी देऊन टाकलं होतं!

गंमत वाटली ना? पण ही गोष्ट निघाली ती भावाभावांच्या वाटणीतून. आज आपण त्याच वाटण्यांबद्दल बोलणार आहोत. वडिलांनंतर कोण? राजानंतर कोण? शाळेच्या पुस्तकात एक राजा गेला, दुसरा आला, असं एका ओळीत संपतं. त्या एका ओळीत किती माणसं भरडली गेली, ते मात्र तिथे नसतं.

दोन भाऊ, एक जहागीर

१६३८ साली विजापूरच्या आदिलशाही फौजेनं केम्पेगौडा घराण्याकडून बेंगळुरू घेतलं. फौजेचा सेनापती रणदुल्लाखान, आणि सोबत शहाजीराजे भोसले. बेंगळुरूची जहागीर शहाजीराजांना मिळाली आणि त्यांनी इथेच बस्तान बसवलं. त्यांच्या दरबारात कवी, पंडित होते. जयराम पिंड्ये या कवीनं 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ शहाजीराजांवरच लिहिला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो १९२२ मध्ये छापून आणला.

शहाजीराजांच्या थोरल्या पत्नी जिजाबाई. त्यांचे मुलगे संभाजी आणि शिवाजी. दुसर्‍या पत्नी तुकाबाई, त्यांचे पुत्र व्यंकोजी, ज्यांना एकोजी असंही म्हणतात. थोरला संभाजी कनकगिरीच्या लढाईत मारला गेला. शिवाजी महाराज पुण्यात, व्यंकोजी वडिलांजवळ बेंगळुरूत. जानेवारी १६६४ मध्ये चन्नगिरीजवळ होदिगेरे इथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. कर्नाटकातली सगळी मालमत्ता व्यंकोजींच्या हाती राहिली. पुढे आदिलशाहीच्या हुकमावरून ते तंजावरला गेले आणि तिथे स्वतःचंच राज्य थाटून बसले.

१६७७ मध्ये, राज्याभिषेकानंतर तीन वर्षांनी, शिवाजी महाराज फौज घेऊन दक्षिणेत उतरले. जुलैमध्ये कोल्लिडम नदीकाठी तिरुमलवाडीला दोघा भावांची भेट झाली. महाराजांचं म्हणणं सरळ होतं: वडिलांच्या मिळकतीत अर्धा वाटा माझा. व्यंकोजींचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं. वडील आदिलशहाचे चाकर, ही जहागीर आदिलशहाची, त्यात तुमचा वाटा कुठून आला? बोलणी काही दिवस चालली. मग एका रात्री व्यंकोजी कुणाला न सांगता नदी ओलांडून निघून गेले.

नोव्हेंबरात लढाई झाली. व्यंकोजींची फौज महाराजांच्या माणसांवर चालून गेली आणि हरली. त्या माणसांचा म्होरक्या होता संताजी भोसले, शहाजीराजांचाच आणखी एक मुलगा. म्हणजे पाहा, एकाच बापाचे तीन मुलगे या भांडणात.

समेट कसा झाला? व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांनी नवर्‍याची समजूत घातली, असं बखरी सांगतात. रघुनाथपंत हणमंते मध्ये पडले. हे रघुनाथपंत म्हणजे शहाजीराजांच्या काळापासूनचे जुने कारभारी. करार झाला आणि त्यात एक कलम असं आलं की बेंगळुरू, होसकोटे आणि शिराळकोट हे परगणे दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी द्यावेत. दोन लाख होनांचं उत्पन्न! शिवाय हे उत्पन्न पुढे मुलीकडून मुलीकडे जावं. मुलांनी कारभार बघावा, पण पैशावर हक्क बाईचा, असंही बखरीत म्हटलं आहे.

क्षणभर डोळ्यांसमोर आणा. आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे जाणारं बेंगळुरू. घरांच्या किमती आठवल्या की हे कलम मला फारच आवडतं.

प्रत्यक्षात तसं झालं नाही. दहाच वर्षांत, १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानानं शहर घेतलं आणि लगेच म्हैसूरच्या चिक्क देवराज वोडेयरांना तीन लाखांना विकून टाकलं. व्यंकोजीही तेव्हा याच वोडेयरांशी विक्रीची बोलणी करत होते. दीपाबाईंच्या लेकींच्या हाती काहीच आलं नाही.

रायगडावर दोन राजे

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर शिवाजी महाराज गेले. थोरले पुत्र संभाजी महाराज तेव्हा पन्हाळ्यावर होते, वय बावीस. धाकटे राजाराम महाराज रायगडावर, वय दहा. राजारामांच्या मातोश्री सोयराबाई आणि अण्णाजी दत्तोंसारखे मोठे कारभारी यांनी एप्रिलमध्येच राजारामांना गादीवर बसवलं.

आता इथे एक नातं लक्षात ठेवा. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ. म्हणजे भाच्याला गादी मिळत होती. तरीही हंबीरराव संभाजी महाराजांच्या बाजूनं उभे राहिले. फौज त्यांच्या मागे गेली आणि प्रश्न तिथेच निकालात निघाला. जूनमध्ये संभाजी महाराज रायगडावर आले, जानेवारी १६८१ मध्ये त्यांचा राज्याभिषेक झाला.

पण वाद असा संपत नाही. त्याच वर्षी कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस आणि त्यांचा मुलगा आवजी यांना मृत्युदंड झाला. बाळाजी आवजी म्हणजे शिवाजी महाराजांचे लेखनिक, ज्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं असं सांगतात. त्यांचा दुसरा मुलगा खंडो बल्लाळ मात्र संभाजी महाराजांच्याच चाकरीत राहिला. या खंडो बल्लाळांना विसरू नका, ते पुन्हा येणार आहेत. तेही बेंगळुरूत!

याच वादानं संभाजी महाराजांच्या नावावर किती काळ सावली पाडली, तेही सांगायला हवं. मल्हार रामराव चिटणीस यांनी सव्वाशे वर्षांनंतर बखर लिहिली. हे मल्हारराव त्याच बाळाजी आवजींचे वंशज. ज्याच्या पूर्वजाला मारलं गेलं, त्यानं लिहिलेलं चित्र कसं असणार? तरी तेच चित्र नाटक-कादंबर्‍यांतून घराघरांत गेलं. वा. सी. बेंद्रे यांनी चाळीस वर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे ते पुसायला सुरुवात झाली. गादीचं भांडण एका वर्षात मिटलं, बदनामी मात्र पावणेतीनशे वर्षं टिकली.

पाय कोण धुतंय?

फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले आणि मार्चमध्ये औरंगजेबानं त्यांना हालहाल करून मारलं. रायगडाला वेढा पडला. गडावर महाराणी येसूबाई होत्या, त्यांचा सात वर्षांचा मुलगा शाहू होता, आणि दीर राजाराम महाराज होते. गादी कोणाची? नियमानं शाहूंची. येसूबाईंनी मात्र राजारामांना पुढे केलं आणि त्यांना गडावरून निसटून जायला सांगितलं. सगळेच एका जागी सापडले तर राज्यच संपलं, हा त्यांचा हिशोब. स्वतः मुलासह मागे राहिल्या. नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले.

शाहू सुटले अठरा वर्षांनी. येसूबाई सुटल्या १७१९ मध्ये, तीस वर्षांनी. नवरा गेल्यावर स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवणारी दुसरी राणी या सगळ्या इतिहासात मला तरी सापडत नाही. त्यांच्यावर मालिका फार उशिरा आल्या.

राजाराम महाराज यात्रेकरूंच्या वेशात दक्षिणेकडे निघाले. केळदीच्या राणी चेन्नम्मांनी त्यांना वाट काढून दिली. तिथून ही मंडळी बेंगळुरूत पोचली. धर्मशाळेत उतरल्यावर एका यात्रेकरूचे पाय बाकीचे लोक गरम पाण्यानं धुताना कुणाला तरी दिसले. साध्या यात्रेकरूचे पाय कोण धुतं? बातमी ठाणेदाराकडे गेली. तेव्हा खंडो बल्लाळ दोघातिघांसह मागे थांबले आणि राजाराम महाराज दुसर्‍या वाटेनं पुढे निघून गेले. मागे राहिलेल्यांना चाबकांनी मारलं, तोंडाला राखेचे तोबरे बांधले. 'आम्ही यात्रेकरू' यापलीकडे कुणी बोललं नाही. शेवटी सोडून दिलं.

ही गोष्ट बखरीतली आहे, आणि ती चिटणिसांच्या घराण्यानं जपलेली आहे, हे लक्षात ठेवूनच वाचायची. तरी वडील आणि भाऊ ज्या वादात मारले गेले, त्याच घराण्याच्या गादीसाठी हा माणूस मार खात बसला, हे खरंच आहे. पुढेही तो आयुष्यभर चाकरीत राहिला.

ताटातला पुरावा

राजाराम महाराज जिंजीला पोचले, तिथून लढले, आणि मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले. त्यांच्या पत्नी ताराबाई, त्याच हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, तेव्हा पंचविशीच्या होत्या. त्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला, दुसर्‍या शिवाजीला, गादीवर बसवलं आणि सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली. तो म्हातारा बादशहा शेवटी १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावला.

आणि आता मोगलांनी खेळी केली. बादशहाचा मुलगा आझमशहा यानं शाहूंना सोडून दिलं. मराठे आपसात भांडत राहतील, हा त्याचा अंदाज. येसूबाईंना ओलीस ठेवून घेतलं.

पंचवीस वर्षांचा एक तरुण उत्तरेकडून येतो आणि म्हणतो, मी शाहू. सातव्या वर्षापासून तो मोगलांच्या कैदेत होता. ताराबाई म्हणाल्या, तोतया आहे. आज असतं तर रक्ताची तपासणी झाली असती. तेव्हा काय करायचं? परसोजी भोसले नावाचे सरदार खात्री करायला गेले आणि शाहूंसोबत एका ताटात जेवले. झाला पुरावा! भोसले माणूस परक्याबरोबर एका ताटात जेवणार नाही. जेवला म्हणजे तो घरचाच.

ताराबाईंनीही ताटच वापरलं. सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या, की तुम्ही माझ्या मुलाशी इमान राखाल. पण ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. जानेवारी १७०८ मध्ये सातार्‍याला शाहूंचा राज्याभिषेक झाला.

ताराबाईंचा दुसरा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा होता. त्यांचं म्हणणं असं, की संभाजी महाराजांचं राज्य मोगलांनी बुडवलं. नंतर जे उभं राहिलं ते माझ्या नवर्‍यानं आणि मी लढून मिळवलं. मग शाहू खरे असले तरी त्यांचा हक्क कसला? तुम्हाला काय वाटतं? वडिलोपार्जित घर जप्त झालं आणि धाकट्या भावानं कर्ज फेडून सोडवून आणलं, तर ते कोणाचं? अशी भांडणं अजूनही गावोगाव कोर्टात चालू आहेत.

ताराबाईंनी कोल्हापूरकडे वेगळी गादी मांडली. तिथे १७१४ मध्ये त्यांची सवत राजसबाई हिनं आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं आणि ताराबाईंना मुलासकट कोंडलं. तो मुलगा १७२६ मध्ये कैदेतच गेला. १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्यं कायमची झाली.

डेन्मार्कातली मेजवानी

थोडं लांब जाऊन येऊ. जानेवारी २०२४ मध्ये डेन्मार्कच्या राणी मार्ग्रेथे यांनी स्वतःहून गादी सोडली आणि मुलाला राजा केलं, ती बातमी तुम्ही मोबाइलवर पाहिली असेल. त्याआधी असं घडलं होतं ते थेट ११४६ साली, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी. तेव्हाचा राजा एरिक यानं गादी सोडली आणि तिथे जो गोंधळ झाला, तो आपल्यापेक्षा काही कमी नव्हता.

त्या काळच्या डेन्मार्कात थोरल्या मुलालाच गादी, असा नियम नव्हता. राजघराण्यातल्या कुणालाही प्रांतांच्या सभा राजा म्हणून निवडू शकत. त्याआधी एका राजाचे पाच मुलगे एकामागून एक राजे झाले होते. ११४६ मध्ये एका भागानं स्वेन्डला निवडलं, दुसर्‍यानं क्नूटला. तिसरा दावेदार वाल्डेमार. याच्या वडिलांना चुलतभावानं गादीच्या वादातूनच मारलं होतं आणि त्यानंतर आठवड्यानं हा जन्मला.

अकरा वर्षं मारामारी झाल्यावर ११५७ मध्ये तिघांनी राज्य वाटून घेतलं. ऑगस्टमध्ये रोस्किल्ड गावी समेटाची मेजवानी झाली. त्या मेजवानीतच स्वेन्डच्या माणसांनी तलवारी उपसल्या. क्नूट मेला, वाल्डेमार जखमी होऊन अंधारातून निसटला. ऑक्टोबरात लढाई झाली, स्वेन्ड मारला गेला आणि वाल्डेमार एकटा राजा उरला. पुढे त्यानं स्वतः जिवंत असतानाच सात वर्षांच्या मुलाला राज्याभिषेक करवून घेतला. आपल्यामागे पुन्हा तेच नको, म्हणून.

तिथे जेवणात दगा झाला, इथे जेवणावर खात्री झाली. आपलं ताट बरं म्हणायचं. निदान १७५० पर्यंत तरी!

रामराजाचं काय चुकलं?

शाहू महाराजांना वारस नव्हता. ते थकले तेव्हा ताराबाई सातार्‍यातच होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी सांगितलं की माझ्या मुलाच्या मागे एक मुलगा आहे. शत्रूंच्या भीतीनं मी तो लपवून वाढवला. नाव रामराजा.

पुन्हा तोच प्रश्न. खरा की तोतया? नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी अट घातली: ताराबाईंनी सगळ्यांसमोर या मुलासोबत जेवावं आणि अन्नावर शपथ घेऊन सांगावं की हा माझा नातू. ताराबाई जेवल्या. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू गेले आणि रामराजा छत्रपती झाला.

वीस-बावीस वर्षं लपून, साध्या माणसासारखा वाढलेला हा मुलगा. त्याला ना दरबार माहीत, ना डावपेच. आजीला वाटलं, नातू माझ्या शब्दात राहील आणि पेशव्यांना दूर करेल. त्यानं ऐकलं नाही. नोव्हेंबर १७५० मध्ये आजीनं त्याला सातारच्या किल्ल्यावर बोलावलं आणि कैद केलं. मग जाहीर केलं की हा माझा नातूच नाही! सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी पेशवे नानासाहेबांशी समेट केला आणि तिथे शपथेवरही तेच सांगितलं.

जेवणावरची शपथ खरी की खंडोबासमोरची? इतिहासकार यावर अजून एकमतानं बोलत नाहीत. मला मात्र ताराबाईंपेक्षा त्या मुलाचा विचार छळतो. आधी म्हणे तू भोसला आहेस, चल, छत्रपती हो. मग म्हणे तू कुणीच नाहीस. आणि तरीही गादीवरून उतरवलं नाही, कारण दुसरा कोणी हाताशी नव्हता. कैदेतला छत्रपती. कारभार पुण्याला पेशव्यांकडे गेला तो कायमचाच.

ताराबाई डिसेंबर १७६१ मध्ये गेल्या, वय शहाऐंशी. त्याच वर्षी जानेवारीत पानिपत झालं होतं. शिवाजी महाराजांच्या हयातीत जन्मलेली ही बाई पानिपतही पाहून गेली. रामराजाचे हाल माधवराव पेशव्यांनी थोडे कमी केले, पण तो सातार्‍यातच राहिला आणि १७७७ मध्ये वारला. त्यालाही मुलगा नव्हता. मरण्याआधी दत्तक घ्यावा लागला.

पाहायला जायचं असेल तर

बेंगळुरूकरांसाठी शहाजीराजांची समाधी सोयीची आहे. दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे गावी, उघड्या रानात साधा दगडी चौथरा आहे. तंजावरला गेलात तर बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास शोधा. तो सरफोजी राजांनी कोरवून घेतला. त्यांचं दत्तकविधान एकदा कंपनी सरकारनं बेकायदा ठरवलं होतं आणि मग पुन्हा कायदेशीर ठरवलं, त्यामुळे घराण्याचा इतिहास दगडात कोरून ठेवावा असं त्यांना का वाटलं असेल, याचा अंदाज तुम्ही बांधू शकता.

आणि सुट्टीत सातार्‍याला जाणार असाल तर कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला थांबा. शाहू महाराजांची समाधी तिथे आहे, ताराबाईंचीही तिथेच आहे. एकमेकांना तोतया आणि बंडखोर म्हणणारी ही दोन माणसं आता एकाच नदीकाठी आहेत. जवळच शाहूंच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी आहे. मुलं सोबत असतील तर आधी तीच दाखवा.